चारांत एक म्हणजे नेमकं काय?

मुलांनो, सिकलसेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचला असेल. विदर्भात आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात तो पुस्तकाच्या आधी घरातच कानावर पडतो. ‘त्याचा एसएस पॅटर्न, तिचा एएस,’ असं लोक सहज बोलतात. ही अक्षरं कशाची, ते आज पाहू.

हिमोग्लोबिनचा एक भाग बनवण्याची कृती अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. नेहमीची प्रत ए. एस प्रतीत डीएनएच्या एका अक्षराचा बदल झालेला असतो, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं. बदल एवढाच! पण दोन्ही प्रती एस असल्या, की ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य दुखतात.

एएस माणूस वाहक. तो सहसा आजारी नसतो आणि त्याचा पुढे एसएसही होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं.

आता आई एएस, बाबा एएस. आईच्या दोन प्रती एका बाजूला आणि बाबांच्या दोन दुसऱ्या बाजूला लिहून चौकोन मांडला, की चार खान्यांत एक एए, दोन एएस, एक एसएस. एसएसची शक्यता चारांत एक. इथेच मोठी गफलत होते. ‘पहिलं मूल एसएस झालं, म्हणजे पुढची तीन सुखरूप,’ असं समजणारी माणसं आहेत. तसं मुळीच नाही. प्रत्येक गरोदरपणी नाणी नव्याने उडतात, आईचं एक, बाबांचं एक. मागच्या खेपेला काय पडलं, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने दुसऱ्या पिढीत वाटाण्याचे 7,324 दाणे मोजले, तेव्हा 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले. जवळजवळ तीनास एक, म्हणजे चारांत एक सुरकुतलेला. एकच शेंग सोलून हे त्याला कधीच दिसलं नसतं. आपली घरं म्हणजे तर छोट्या शेंगाच. आईबाबा दोघं एएस आणि मुलं दोन, अशी सोळा घरं घ्या. सरासरी नऊ घरांत एकही मूल एसएस नसेल, सहा घरांत एक असेल आणि एका घरात दोन्ही. त्या शेवटच्या घरातल्या आईला लोक बोल लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. एसएस मुलाला एक एस आईकडून मिळतो, तसाच एक बाबांकडून. चौकोनात दोघांची बाजू सारखीच असते.

रक्ताच्या साध्या तपासणीत एस आहे का ते कळतं, आणि विजेच्या मदतीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत एएस की एसएस हेही कळतं. लग्न ठरण्याआधीच ती करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

आता एक गणित. मुलगी एएस, होणारा नवरा एए. फळ्यावर येऊन चौकोन कोण मांडतंय?