नक्षीकामाचा फिरता व्हाइस

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारात आलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वजनावर विकले जाते आणि तिथून सरळ फाउंड्रीच्या भट्टीत जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ढिगात नारळाएवढा, खाली गोल आणि वर सपाट असा गंजलेला गोळा मला दिसला. दुकानदाराला तो बूड तुटलेला बेंच व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून धरणारा टेबलावरचा शेगडा, वाटत होता. प्रत्यक्षात तो धातूवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराचा व्हाइस होता.

हा व्हाइस ओळखणे अवघड नाही. बेंच व्हाइसला टेबलाशी जखडायला बोल्टची भोके असतात आणि त्याचा एक जबडा पक्का असतो. इथे गोल बूड कड्यात बसते, हवे तसे कलते, आणि वरचे डोके त्यावर फिरते. आतल्या स्क्रूचे अर्धे आटे उजवे आणि अर्धे डावे असल्यामुळे दोन्ही जबडे सारखेच मध्याकडे सरकतात. कोरणी धरलेला हात जवळजवळ जागीच राहतो आणि दुसरा हात काम फिरवतो; वेलबुट्टीचे वळण त्या फिरण्यातून उमटते. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, कारागिरांच्या परंपरेत हेच काम राळेत बसवलेला दागिना आणि त्याखालची वाळूची चामडी गादी करत आली आहे.

दुरुस्तीच्या घाईत ग्राइंडर लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण गंजाखाली ठोकलेली अक्षरे एकदा गेली की व्हाइसची ओळखच जाते. अक्षरे सापडली नाहीत, तर थ्रेड गेज लावून आटे तपासावेत: 55 अंशांचा कोन जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीकडे बोट दाखवतो, 60 अंशांचा अमेरिकन किंवा मेट्रिक पद्धतीकडे. उघडण्यापूर्वी दोन्ही जबड्यांवर जुळणीच्या खुणा कराव्यात आणि खाली फडके अंथरावे, कारण बेअरिंगच्या गोळ्या घरंगळतात.

बिडाच्या भागांचा गंज मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार लोखंडी पत्र्याला जोडून काढला. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मुळीच नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. शिवाय हायड्रोजन सुटत असल्याने हे काम उघड्यावर करावे. कठीण पोलादाचे जबडे मात्र मी यात बुडवले नाहीत, कारण हायड्रोजनने असे पोलाद ठिसूळ होऊ शकते. ते रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ झाले.

कड्यावरच्या चामड्याच्या जागी कोल्हापुरी चपलेच्या तळाचे चामडे बसवले. ते वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले असते आणि ओल मिळाली की टॅनिन लोखंडाला काळे डाग पाडते, म्हणून गोळ्याला आधी मेणाचा पातळ हात दिला.

शेवटी हुपरीच्या चांदीची पट्टी घेऊन तिच्या रुंदीच्या मध्यावर सुईने ठिपका केला, तो आसावर येईल अशी ती सरकवून जबडे आवळले आणि भिंग डोळ्याला लावून डोके फिरवले. पट्टी गरगरली, ठिपका जागचा हलला नाही.