बाबांनी विचारलेलं झाड

नमस्कार मंडळी! जेवणाआधीची पाच मिनिटं मी एका झाडासाठी मागून घेतलीयेत.

मागच्या उन्हाळ्यात बाबा इथे आले होते, पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "पालो अल्टो म्हणजे काय रे?" मी अकरा वर्षं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या या भागात, रोज कॅलट्रेन या लोकल गाडीने पालो अल्टोवरून ये-जा, आणि मला सांगताच येईना. मग फोनवर बघितलं, स्पॅनिशमध्ये उंच झाड. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या वडगाव-पिंपळगावसारखंच की! मग झाड कुठंय?"

झाड आहे, मंडळी. पालो अल्टो स्टेशनवरून उत्तरेला चालत जा, रुळांना अगदी खेटून, सॅन फ्रान्सिस्किटो क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठावर. कोस्ट रेडवुड, म्हणजे किनाऱ्याकडच्या धुक्यात वाढणारं उंचच उंच सूचिपर्णी झाड, वय हजार वर्षांच्या वर, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट राज्य करत होते तेव्हाचं. 1769 च्या नोव्हेंबरमध्ये, 6 ते 11 तारखेला, पोर्तोला नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या तुकडीने याच झाडाखाली तळ टाकला असं तिथल्या पाटीवर लिहिलंय (पुण्यात तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते). ते शोधत होते मॉन्टेरेचं बंदर, ते ओळखूच आलं नाही, मागे राहिलं, आणि पुढे येऊन सापडला हा बे, सॅन फ्रान्सिस्कोची खाडी. अर्थात ओलोनी लोक इथे त्यांच्या हजारो वर्षं आधीपासून राहत होते, त्यांना काही तो शोधावा लागला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतोय.

पुढे 1876 मध्ये लेलँड स्टॅनफर्ड या रेल्वेच्या बड्या उद्योगपतीने इथे जमीन घेतली, फार्मला या झाडाचं नाव दिलं, मग फार्मवर स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटीशेजारी गाव, आणि 1894 मध्ये गावाचं रीतसर शहर झालं. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या अधिकृत शिक्क्यावर जे झाड दिसतं ना, ते हेच.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचंच. या झाडाला पूर्वी दोन खोडं होती, 1880 च्या दशकात क्रीकला पूर आला त्यात एक गेलं. उरलेल्याच्या अंगावर वर्षानुवर्षं वाफेच्या इंजिनांचा धूर, आणि गावाने विहिरींतून एवढं पाणी उपसलं की जमिनीतलं पाणी खोल गेलं, झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. एकेकाळी दीडशे फुटांच्या वर होतं म्हणतात, आज 110 च्या आसपास आहे. रेडवुड धुक्यातलं पाणी पानांनीही पितं, म्हणून लोकांनी काय केलं, खोडाच्या कडेने पार शेंड्यापर्यंत पाईप नेला आणि वरून पाण्याचे तुषार सोडले! ज्या झाडाचं नाव लावून गाव जगतंय त्याच्यासाठी गावाने खोटं धुकं तयार केलं, हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं. आणि सप्टेंबर 2024 पासून कॅलट्रेन विजेवर धावतेय, म्हणजे शेजारून जाणारा गाड्यांचा धूरही आता जवळजवळ संपला.

बाबांना घेऊन गेलो तेव्हा ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले, मग खाली बघून म्हणाले, "याला पार नाही बांधला कुणी?" मी म्हटलं, बाबा, इथे मुळांवर दगडमातीचं ओझं नको म्हणून लांबूनच बघायचं. त्यांना ते पटलं.

उद्या सकाळी दहाला आम्ही चार-पाच घरं जातोय. गाडी नको, ट्रेननेच या, मुलांना खिडकीशी बसवा, मेन्लो पार्क सोडलं की पुलाजवळ बघायला सांगा.