फुगलेली बाटली खुराड्यात ओतू नका

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना सरत आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत दोन कामं एकदम निघतात. गावाहून आलेली आंब्याची शेवटची पेटी पिकून तयार असते, तिचा रस बाटल्यांत भरायचा असतो. आणि ज्यांना अंगण आहे, म्हणजे येऊरला, घणसोली-दिवाळ्याच्या गावठाणात, नाहीतर मुरबाड-शहापूरकडे हौसेनं घेतलेल्या प्लॉटवर, त्यांना पावसाआधी खुराडं शाकारून घ्यायचं असतं. मी फळप्रक्रियेचे वर्ग घेते आणि घरी कोंबड्याही पाळते, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातला एक तर दरवर्षी ठरलेला. "मॅडम, गेल्या वर्षीची बाटली सापडलीय. झाकण जरा फुगलंय. आम्ही नाही खाणार, पण कोंबड्यांना घातली तर चालेल ना?"

नाही चालणार. का नाही, ते आज सांगते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जिवाणू आहे. तो मातीत सगळीकडे असतो, आपल्या अंगणातही. त्याचे बीजाणू तासन् तास उकळलेल्या पाण्यातही तग धरतात. त्याला वाढायला हवा नको असते, ओल हवी असते, ऊब हवी असते आणि आंबटपणा नको असतो. हवा काढून घट्ट बंद केलेली, भाजी किंवा मटण भरलेली बाटली ठाण्याच्या उकाड्यात फडताळात ठेवली, की त्याला हवं ते सगळं मिळालं. मग तो जे विष तयार करतो, त्याला वास असेलच असं नाही, चव असेलच असं नाही. झाकण फुगलं तर नशीब समजा, निदान इशारा तरी मिळाला. न फुगतासुद्धा विष असू शकतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघरी भाज्या बाटलीबंद करायची लाट होती. तेव्हा डॉ. अर्नेस्ट डिक्सन यांनी दाखवून दिलं की, परसातल्या कोंबड्या जो 'लिंबरनेक' नावाचा रोग होऊन मरत होत्या, तो याच विषानं होणारा, म्हणजे बोट्युलिझम. घरातल्यांनी बाटली उघडली, शंका आली, उरलेलं कोंबड्यांपुढे टाकलं. पुढे काय होतं ते ऐका. कोंबडी आधी पाय ओढत चालते, मग बसून राहते. डोळे अर्धे मिटतात. मान उचलायचा प्रयत्न करते आणि मान जमिनीवर लोळते, चोच मातीत. मानेवरचं पीस ओढलं तर न दुखवता हातात येतं. तोपर्यंत करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मेलेल्या पक्ष्यात, त्यातल्या अळ्यांतही हे विष साठतं, म्हणून एखादी कोंबडी मेली तर ती इतरांनी टोचायच्या आत उचलायची.

आता प्रश्न असा की कोणती बाटली भरायची आणि ती किती टिकते. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. 4.6च्या खाली असलेल्या पदार्थात हा जिवाणू वाढत नाही. कैरी, कोकम, आवळा, लिंबू यांची काळजी नको. पिकलेला आंबा मात्र कधीकधी त्या रेषेच्या जवळ जातो, टोमॅटोही तसाच. म्हणून किलोभर आमरसाला चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड आणि अर्ध्या लिटर टोमॅटोच्या रसाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचाच. "आमचा हापूस आंबट नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर त्यांच्याकडे दोन चमचे घाला म्हणते मी. मग गरम रस गरम बाटलीत, वर बोटभर जागा ठेवून, झाकण लावून बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात. आपण समुद्रसपाटीला राहतो, इथे पाणी 100 अंशांना उकळतं. महाबळेश्वरला ते त्याहून कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे वेळ वाढवावी लागते.

भाजी, डाळ, मटण, अंडी, मासे हे पदार्थ मात्र साध्या पाण्यात उकळून बाटलीबंद करायचे नाहीत. त्यांना 116 ते 121 अंशांची उष्णता लागते, ती दाबाशिवाय मिळत नाही. तुम्ही म्हणाल, आपला प्रेशर कुकर आहे की. कुकरमध्ये तेवढं तापमान येतं, पण तो आकारानं लहान असल्यामुळे झपाट्यानं तापतो आणि झपाट्यानं निवतो. कॅनिंगच्या वेळा ज्या मोठ्या भांड्यांवर तपासून ठरवल्यात, त्या त्याला लागू होत नाहीत. परदेशी व्हिडिओ पाहून कुकरमध्ये चिकन करीच्या बाटल्या भरू नका. तेलात बुडवून बाहेर ठेवलेला सोललेला लसूणही याच पंगतीतला; तो फ्रीजमध्ये, आठवड्यात संपवायचा.

अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, बाटली 10 ते 21 अंशांत ठेवा आणि वर्षभरात संपवा. याचा अर्थ तीनशे सहासष्टाव्या दिवशी त्यात विष होतं असा नाही. सील शाबूत असेल आणि पदार्थ आंबट असेल तर तो पुढेही खाता येतो. फक्त रंग, वास आणि जीवनसत्त्वं उतरतात. पण 21 अंश आपल्याकडे कुठे? मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तेहतीस-चौतीस असतात, गॅसच्या वरच्या कपाटात त्याहून जास्त. शिवाय खाडीच्या दमट हवेनं पत्र्याच्या झाकणांना गंज चढतो आणि सील तिथूनच सुटतं. म्हणून मी आमरसाला दिवाळीपर्यंतचीच मुदत देते. मुरंब्याची गोष्ट वेगळी, त्यात दोन-तृतीयांश साखर असते, जिवाणूला लागणारं पाणी ती अडवून धरते. लोणच्यात तेच काम मीठ करतं. गेल्या सालचं नीट मुरलेलं लोणचं यंदा खायला माझी काही हरकत नाही.

संशयित बाटली असेल तर उघडून वास घेऊ नका, चाखून तर मुळीच पाहू नका. दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्या, मांजर-कावळ्यांच्या तोंडी लागणार नाही अशी.

मग कोंबड्यांना काय घालायचं? अंड्यावरच्या एका कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. नुसत्या कण्या-कोंड्यावर ती जगते, अंडी मात्र कमी देते. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य घ्या, जोडीला पालेभाजीची देठं, आणि कोळीवाड्यातला बिनमिठाचा जवळा मूठभर. जास्त नको, अंड्याला मासळीचा वास लागतो. आणि पावसाळ्यात हे सगळं कोरडं ठेवणं हीच खरी परीक्षा. दमट मक्यावर, शेंगदाण्याच्या पेंडीवर हिरवी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष प्रथम लक्षात आलं. कारण होतं ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. बुरशी झटकून, उन्हात घालून ते जात नाही. जूनमध्ये आठवड्यापुरतंच खाद्य आणा आणि झाकणाच्या पिंपात ठेवा.

मे महिन्यात बरेच जण तक्रार करतात, अंड्याचं कवच कागदासारखं आलंय, चुना कमी पडतोय का? शिंपल्याची भरड ठेवायलाच हवी, पण उन्हाळ्यात कारण बहुधा वेगळं असतं. एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते चढायला वीसेक तास लागतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. उपाय म्हणजे सावली, दुपारी दोनदा बदललेलं गार पाणी, आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी. डिसेंबरात अंडी घटतात त्याला मात्र उजेड कारण असतो. कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो, आपला तेव्हाचा दिवस अकरा तासांचा. पहाटे एक बल्ब लावला की भागतं.

तलंगा विकत घेताना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, आर-टू-बी लस दिलीय का ते विचारा. आणि एकाच वेळी तीन-चार पक्षी मेले तर गुपचूप पुरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली देशात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला. फेब्रुवारी 2022मध्ये तो आपल्या जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीतही आढळला.

अंडं किती टिकतं? कोंबडी अंड्यावर एक पातळ थर देते, तो भोकं बुजवतो. धुतलं की तो जातो. तेव्हा न धुता, कोरड्या फडक्यानं पुसून फ्रीजमध्ये ठेवा, महिनाभर काही होत नाही. धुवायचं ते फोडायच्या आधी. मे महिन्यात बाहेर ठेवलेलं अंडं आठवडाभरात उतरतं. पाण्यात टाकून बघा, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्यायचं.

हल्ली अंडी जास्त झाली की उकडून, सोलून व्हिनेगरमध्ये घालायची टूम निघालीय. 1997 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका माणसाला अशाच घरच्या अंड्यांतून बोट्युलिझम झाला. त्यानं व्हिनेगर आत मुरावं म्हणून अंड्यांना टूथपिकनं भोकं पाडली होती आणि बरणी बाहेर ठेवली होती. व्हिनेगर पिवळ्या बलकापर्यंत पोचायला वेळ लागतो, बीजाणू टूथपिकबरोबर आधीच आत गेलेले असतात. करायचीच असतील तर भोकं न पाडता, सगळी अंडी बुडतील इतक्या व्हिनेगरमध्ये, पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. बरणी रिकामी झाली की ते व्हिनेगर ओतून द्या, त्यात नवी अंडी घालू नका.

नमस्कार.