तो खोत आमच्याच वाडीतला

(दृश्य: खेडचा पूल, पावसाळा, खाली गढूळ पाणी)

ही जगबुडी नदी. बातम्यांमध्ये हिचं नाव येतं ते फक्त पावसाळ्यात, जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली, खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं वगैरे. पण कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला जगबुडी म्हटलं की तुंबाड आठवतं. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत', १९८७ ला आलेली, दोन जाडजूड खंड आणि त्यात ह्याच नदीकाठच्या एका खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदार, घराण्याच्या पिढ्यानपिढ्या. (हल्लीच्या पोरांना तुंबाड म्हणजे २०१८ चा पिक्चर. त्याने कादंबरीतून घेतलं ते नाव, गोष्ट निराळीच आहे.)

कोकणातल्या माणसाला आवडलेल्या कादंबऱ्या कुठल्या असं विचारत आम्ही दापोलीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत गेलो, आणि एक गोष्ट पहिल्या दोन-तीन गप्पांतच कळून चुकली, की इकडचा माणूस आपल्या भागातली कादंबरी नुसती वाचत नाही, तो ती तपासतो. हा खोत म्हणजे नक्की कुठला, ही वाट कुठल्या पऱ्ह्यावरून जाते, ह्या देवळाला असा उत्सव असतोच का. एका वाचनालयातल्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'ह्या दिवसांत होडी इथवर येत नाही.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'भरतीला येते.' झालं, पुढच्या पानापर्यंत भांडण.

(दृश्य: वाचनालयातलं कपाट, खाकी कागदाची बाइंडिंगं)

पुस्तक टिकवणं हेच इकडे एक काम आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे इतके पावसाळे त्या पुस्तकांनी काढले. चार महिने हवा अशी दमट की पानं एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी येते, कसर लागते ती वेगळीच. मग पाऊस गेला की पुस्तकं उन्हात टाकायची, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. कुठली पुस्तकं जास्त वाचली गेली हे कळायला रजिस्टर बघायला नको. ज्याची शिवण सुटलीय, पानांचे कोपरे काळे पडलेत, ते लोकांचं पुस्तक. 'गारंबीचा बापू' आम्हाला धड अवस्थेत कुठेच दिसलं नाही! पेंडशांचीच १९५२ ची कादंबरी, गावाने वाया गेलेला ठरवलेला बापू आणि त्याची राधा, आणि त्यांच्यासमोर उभं अख्खं गाव. दापोलीकडे आजही कुणी गावकीला न जुमानता वागला की म्हातारी माणसं म्हणतात, बापूच आहे तो.

वेंगुर्ल्याकडे आलं की नूर बदलतो. इथे आरवलीचे जयवंत दळवी आणि बागलांच्या राईतले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवितेतले आरती प्रभू. दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे' मधली माणसं लोक अशी सांगतात जशी ती काल दुकानात भेटली होती. खानोलकरांचं तसं नाही, 'कोंडुरा' बद्दल बोलताना आवाज जरा खालीच येतो. कोंडुरा ही खरोखरची जागा आहे, समुद्रालगत. तिथल्याच एक आजोबांना विचारलं की त्यातले परशुरामतात्या खरे वाटतात का, तर म्हणाले, "खरे वाटतत म्हणजे? आमच्या वरच्या वाडीत होतो तसलो एक, माका म्हायत हा." पुस्तक पूर्ण वाचलंय का म्हटल्यावर मात्र विषय आंब्यावर गेला.

आता गंमत अशी की ह्यातलं बरंचसं लेखन बसून केलंय मुंबईत. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला, दळवीही नोकरीपायी मुंबईतच, खानोलकरही पुढे तिकडेच गेले. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकण म्हणतो ते चाकरमान्यांनी आठवून लिहिलेलं कोकण आहे, आणि ते पहिल्यांदा वाचलं ते पण बहुतेक गिरगाव-परळच्या खोल्यांमधल्या चाकरमान्यांनीच. त्यांना त्यात फणस दिसला, खाडी दिसली, गणपतीची गर्दी दिसली. स्पष्टच सांगायचं तर मला हे वाचन अर्धवट वाटतं. ह्या पुस्तकांत पोफळी आहेत, पण त्या पोफळींखाली भाऊबंदकी आहे, खोतकी आहे, आणि बायकांची जी काय दशा होती ती आहे. जे गावातच राहिले त्यांनी हे बरोब्बर ओळखलं, कारण घरात ज्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं ते पुस्तकात छापून आलेलं होतं.

(दृश्य: चिपळूण, घराच्या पडवीत बसलेल्या एक बाई, चेहरा दाखवायचा नाही)

ह्या काकूंचं लग्न झालं ते मोठ्या एकत्र कुटुंबात. 'रथचक्र' त्यांनी वाचलं ते रात्री सगळं आवरल्यावर, चुलीजवळ, सासूबाईंना वाटायचं पोथी वाचतेय. पेंडशांचीच १९६२ ची ही कादंबरी, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळाला. त्यातल्या बाईला नाव नाही, ती म्हणजे नुसतीच 'ती'. नवरा परागंदा, घर भरलेलं, आणि मुलांना शिकवायचं म्हणून ती त्या घरातून बाहेर पडते. काकू म्हणतात, मला पुस्तकाने धीर वगैरे काही दिला नाही, उलट भीतीच वाटली, पण असं करता येतं एवढं समजलं. पुढे मुलं मोठी झाल्यावर त्यांनी हट्टाने चिपळूणला खोली घेतली, नवरा गावाला, ह्या इकडे, शिवणकाम करत. मोठा इंजिनियर झाला. सासूबाई बरीच वर्षं बोलत नव्हत्या.

सुनेला दिलं होतं म्हणे वाचायला. ती मुंबईची, पन्नास पानांत कंटाळली, म्हणाली आई, ह्यात नुसतं रडगाणं आहे. "मी पण मग म्हटलं, दे इकडे, तू तुझा मोबाईल बघ," असं सांगून काकू हसतात आणि आत चहा टाकायला जातात.