गिलाव्याखाली वाचलेलं दार

फ्रान्सच्या बर्गंडीतलं ओतँ हे गाव, आणि समोर त्याचं सेंट लाझार चर्च. हा टोकदार मनोरा गॉथिक, पंधराव्या शतकातला. तो राहू द्या, आपलं काम खाली दाराशी आहे.

चर्चचं बांधकाम ११२०च्या सुमारास सुरू झालं. येशूने कबरीतून उठवलेल्या लाजरच्या अस्थी इथे आहेत, अशी श्रद्धा होती. आत भिंतींना लागून उभ्या खोबणींचे चौकोनी खांब आहेत. गाव ऑगस्टस सम्राटाच्या काळातलं. त्याच्या एका रोमन वेशीवर असेच खांब आजही दिसतात. गवंड्यांना नमुन्यासाठी लांब जावं लागलं नसणार.

आता पश्चिमेच्या दारावरचं अर्धवर्तुळ. मधोमध ख्रिस्त, भोवती अखेरचा न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी मेलेल्यांचा होणारा निवाडा. उजवीकडे आत्मे तोलले जाताहेत. सैतान तराजूला लोंबकळतोय, आणि देवदूतानेही पारड्याला हात लावलाय. मापात पाप, तेही दोन्हीकडून!

खालच्या पट्टीत मेलेले कबरींतून उठताहेत. या दोन यात्रेकरूंच्या झोळ्या पाहा. एकीवर क्रूस, म्हणजे जेरुसलेम. दुसरीवर शिंपला, म्हणजे स्पेनमधलं तीर्थक्षेत्र सांतियागो. अंगावर कपडा नाही, पण झोळी सुटलेली नाही. पलीकडे एका पाप्याचं डोकं वरून आलेल्या दोन प्रचंड पंजांनी पकडलंय. पंजे कोणाचे, ते दाखवलेलंच नाही. वरच्या अख्ख्या सैतानापेक्षा मला यांचीच जास्त धास्ती वाटते.

ख्रिस्ताच्या पायाखाली लॅटिन अक्षरं आहेत: ‘हे गिस्लेबेर्तुसने केलं.’ हा शिल्पकार की खर्च करणारा दाता, यावर अभ्यासकांत वाद आहे.

१७६६ साली इथल्या धर्मगुरूंना हे काम डोळ्यांत खुपू लागलं. त्यांनी सगळं गिलाव्याने बुजवलं. ख्रिस्ताचं डोकं पुढे येत होतं, ते तोडून काढलं. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत देशभर चर्चमधल्या मूर्ती फुटल्या. गिलाव्याखालची ही शिल्पं कोणाच्या नजरेलाच पडली नाहीत. १८३७ मध्ये गिलावा निघाला. डोकं परत बसायला मात्र १९४८ साल उजाडलं.

चर्चच्या उत्तरेच्या दाराचे दगड मात्र दुसऱ्या बांधकामांत गेले. १८५६ साली एक घर पाडताना त्यातून या दारावरची दगडी हव्वा निघाली. आडवी पसरलेली, एक हात गालाशी, दुसरा मागे वळूनही न पाहता फळ तोडणारा. ती आता शेजारच्या रोलँ संग्रहालयात आहे. तिच्या जोडीचा आदम अजून सापडलेला नाही.