यशवंतरावांची शिडी आणि आजचा उमेदवार

मित्रहो, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात आणि तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ जुलै २०२३ रोजी, शरद पवार याच समाधीपाशी आले. पुढच्या वर्षी, विधानसभेच्या निकालानंतर दोनच दिवसांनी आलेल्या २५ नोव्हेंबरच्या पुण्यतिथीला, एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही बाजूंची माणसे इथे आली आणि रोहित पवारांनी अजित पवारांना वाकून नमस्कार केला. ज्या पक्षाची स्थापनाच यशवंतराव गेल्यानंतर सुमारे १५ वर्षांनी झाली, त्या पक्षाच्या दोन्ही गटांना त्यांचाच वारसा सांगावासा वाटतो, याचे कारण केवळ आदरात शोधून भागणार नाही.

१९६७ साली बारामतीतून तिशीही न गाठलेल्या शरद पवारांच्या उमेदवारीमागे यशवंतराव उभे राहिले, हे आपण नेहमी ऐकतो. तिकीट देणारे नेते मात्र पुष्कळ असतात. माझ्या मते यशवंतरावांचे खरे काम त्याच्या अगोदरचे, ते मुख्यमंत्री असतानाचे आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या, आणि उमेदवार घडण्याची जागा मुंबईहून गावाकडे सरकली. गावातली विहीर, शाळाखोली, दवाखाना यांसाठी सभागृहात भांडायचे, अंदाजपत्रक वाचायचे, अधिकाऱ्याकडून काम करून घ्यायचे, हे शिक्षण आमदारकीच्या आधीच मिळू लागले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग मुख्यमंत्री झाले. तासगावच्या अंजनीचे आर. आर. आबा पाटील तर मला या वाटेचे सर्वांत मोठे प्रमाण वाटतात, कारण पाठीशी ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था, आणि तरीही जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून हा माणूस १९९० मध्ये विधानसभेत आणि पुढे गृहखात्यापर्यंत पोचला.

हीच शिडी पुढे अनेक तालुक्यांत एकेका घराण्याच्या अंगणात नेऊन ठेवली गेली, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. कारखाना वडिलांकडे, बँक काकांकडे आणि जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे मतदारसंघ, मुलाकडे, अशी वाटणी झाली की सामान्य कार्यकर्त्याच्या हाती सतरंज्या उचलणेच उरते. बेरजेच्या राजकारणात यशवंतरावांनी प्रस्थापितांना सोबत घेतले, त्याची ही किंमत आहे आणि ती त्यांच्या खात्यावर मांडण्यात अनादर नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ती अलीकडची गोष्ट. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच बसले. यशवंतरावांच्या समाधीवर या काळातही दरवर्षी फुले वाहिली गेली. पण २०२२ मध्ये वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या, कोणत्याही घराण्यात न जन्मलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या गटातून साधा अर्ज भरण्याचीही सोय नव्हती.