एका शब्दाचा भाव

इंग्लंडच्या वायव्य भागात, ल्यून नदीच्या काठी, लँकेस्टर हे शहर आहे. १६८८ साली विल्यम स्टाउट नावाच्या तरुणाने तेथे लोखंडी सामान आणि किराणा यांचे दुकान मांडले. खिळे आणि साखर एकाच फळीवरून विकली जाणे त्या काळच्या लहान गावांत नवलाचे नव्हते.

धंदा शिकण्याच्या उमेदवारीची वर्षे त्याने अशाच एका दुकानात काढली होती. रात्री झोपायचाही तेथेच. बाजाराच्या दिवशी गर्दी उसळे, म्हणून एरवी उमेदवार पोरे साखर, तंबाखू आणि खिळे यांच्या पुड्या बांधून ठेवत. दुकानाच्या खिडक्यांना तावदाने नव्हती. ऐन हिवाळ्यात त्या रात्री नऊपर्यंत सताड उघड्या असत आणि त्या लावल्यावरही दार दहापर्यंत उघडेच राही. गारठलेल्या बोटांनी पुडीला दोरा गुंडाळणारी ती पोरे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हा व्यापार समजत नाही.

स्वतःच्या दुकानासाठी माल घ्यायला स्टाउट थेट लंडनला गेला. नव्या दुकानदाराने निम्मी रक्कम रोख द्यावी आणि उरलेली पुढे फेडावी, अशी तेव्हाची रीत होती. परतीच्या वाटेवर त्याने शेफील्डचे लोखंडी सामान घेतले. बाजाराच्या दिवशी त्याची बहीण एलिन मदतीला दुकानात उभी राही.

स्टाउट क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता, आणि आमच्या मते त्याच्या व्यापारातली सर्वांत मोलाची गोष्ट येथेच आहे. आधी चढा भाव सांगायचा आणि मग घासाघीस करून तो उतरवायचा, ही सर्रास चालणारी पद्धत त्याला मनापासून नापसंत होती. जो भाव घ्यायचा तोच तो पहिल्या शब्दात सांगे. अनेक गिऱ्हाइकांना याचा राग येई, असे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे, कारण पहिल्या भावातून काही सुटल्याशिवाय वस्तू स्वस्त मिळाली असे त्यांना वाटतच नसे. तरीही त्याने आपली रीत सोडली नाही. क्वेकरांवरच्या विश्वासाबद्दल त्या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स यानेही नोंद केली आहे: या लोकांच्या दुकानात लहान मुलाला पाठवले, तरी त्याला मोठ्या माणसाइतकाच चोख माल मिळे.